वन्संचा मान

ऐकायचं असेल तर सांगते, पण मध्येच हसू नका. हसण्यासारखं त्यात पुष्कळ आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

लग्नानंतर दुसऱ्या महिन्यात अमरसिंहांनी घड्याळ घेतलं. उचगावच्या बाजूला आमचा व्हॉल्व्हचे भाग बनवायचा कारखाना आहे. एक मोठी ऑर्डर पुरी झाली, त्याचं बक्षीस त्यांनी स्वतःलाच दिलं. त्या दुपारी सासूबाईंनी हळद-कुंकवाची कोयरी मागितली. कुणी सवाष्ण आली असेल म्हणून मी लगबगीनं बाहेर आले, तर पाटावर घड्याळ. नव्या ट्रॅक्टरची करतात तशी त्याची पूजा चालली होती.

"काचेवर नको आई, पट्ट्याला लाव," अमरसिंह म्हणाले.

"ह्यात सेल कुठं घालायचा?"

"सेल न्हाय ह्यात. हात हलला की आतली स्प्रिंग भरती, त्यावर चालतंय."

"आणि हात काढला की?"

"तीन दिवस चालतंय. मग थांबतंय."

"माणसापरीस बरं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या, आणि घड्याळ उचलून देवघरात घेऊन गेल्या.

आमच्या देवघरात जोतिबाच्या शेजारी चांदीचा एक लहानसा टाक आहे. तो माझ्या वन्संचा. अमरसिंहांची धाकटी बहीण, वर्षाराणी. आठ वर्षांपूर्वी, एकोणीसच्या असताना लांबलेल्या दुखण्यानं गेल्या. लग्न न झालेल्या मुलीचा टाक बसवत नाहीत, असं भावकीनं परोपरीनं सांगितलं, पण सासूबाईंनी ऐकलं नाही. घरात आलेली नवी वस्तू आधी वन्संपुढे जाते. माझ्या लग्नाचा शालूसुद्धा गेला होता. लग्न ठरलं तेव्हा माहेरच्या, मुरगूडच्या मैत्रिणी म्हणाल्या होत्या, नणंद नाही, सुटलीस की.

"घे गं," सासूबाई टाकाकडे बघून म्हणाल्या. "दादानं आणलंय. घालून बघ."

मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या संध्याकाळी, अमरसिंहांच्या तळहातावर. तांब्याच्या गडूसारखं जड. पांढऱ्या तबकडीवर निळे काटे, आणि खाली अर्ध्या नखाएवढी खिडकी. तिच्यात निळं आभाळ आणि सोनेरी चंद्र, त्या दिवशी होता तेवढाच, अर्ध्याला जरासा कमी. डावीकडे एक छोटा काटा होता, गाडीच्या पेट्रोलच्या काट्यासारखा. आत अजून किती दम आहे ते दाखवणारा. त्यांनी घड्याळ पालथं केलं. मागं काच होती आणि काचेआड एक चाक पुढं-मागं, पुढं-मागं होत होतं, कोंबडीच्या पिल्लाची छाती लपलपते तसं. त्याच्यावर सोन्याची अर्धगोल चकती. हात हलला की ती गर्रकन फिरायची आणि बारीक आवाज यायचा... झिर्र. रेशमी पदरावरून नख फिरवल्यासारखा.

"बघायचं तर माझ्या हातावर बघ," ते म्हणाले. "तू घालू नकोस. धांदरट हाईस तू."

मी धांदरट आहे. मी घातलं नाही. एवढंच मला इथं ठामपणे सांगायचं आहे. नव्या घरात माझं म्हणावं असं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. दागिने सासूबाईंच्या कपाटात, कपडे वन्संना दाखवून आलेले. माझा शब्द तेवढा माहेरून आणलेला होता.

पुढच्याच आठवड्यात ते पाच दिवस कोइमतूरला गेले. प्रवासात नको म्हणून घड्याळ आमच्या खोलीतल्या कपाटात ठेवून गेले. परत आले, कपाट उघडलं आणि तसेच उभे राहिले.

"घातलंतंस?"

"नाही."

"मग हे चालू कसं?"

छोटा काटा पार शेवटाला टेकला होता. दम पूर्ण भरलेला.

"घातलं असलं तर घातलं म्हण. घड्याळाचं काय न्हाय गं," ते हळूच म्हणाले. "पण खोटं बोलू नको."

चार दिवस ते माझ्याशी फार सभ्यपणे वागले. नवरा ओरडला तर बरं, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या खेपेला जाताना त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्यासाठी दशम्या बांधत होते. मनात म्हटलं, बरं झालं. आता चौथ्या दिवशी ते थांबेल आणि माझी सुटका होईल.

ते थांबायच्या दिवशी दुपारी मी कॉटवर पडले होते. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. बाहेर ऊन इतकं स्वच्छ की त्याचाही आवाज येईलसं वाटावं. पंखा बंद होता, वीज गेलेली. झोप आणि जाग यांच्या मधल्या त्या गुळगुळीत जागेत मी होते, आणि ऐकू आलं... झिर्र.

थोडं थांबून, पुन्हा... झिर्र.

चालताना हात हलतो ना, त्या लयीत. देवघराकडून खिडकीपर्यंत. खिडकीपाशी थोडं थांबून परत. निलगिरीच्या तेलाचा वास आला, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत असतो तसा. मला भीती वाटायला हवी होती. पण त्या चालण्यात इतकं अप्रूप होतं, नवं घड्याळ घातलेलं माणूस हात जरा जास्तच हलवतं ना, तसं, की मला हसूच आलं. वाटलं, दिसतंय छान, असं म्हणावं. मी डोळे उघडले नाहीत.

अमरसिंह आले. खिशातून किल्ली काढली. घड्याळ चालू होतं, काटा भरलेला. पण त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. ते स्वतः पट्ट्याचं सहावं भोक लावायचे, तिथं बकलाचा वळ पडला होता. आता तसाच वळ पहिल्या भोकापाशीही होता, घड्याळाच्या अगदी लगत.

मी हात पुढं केला. त्यांनी पट्टा माझ्या मनगटाला गुंडाळला. पहिलं भोक लागेना. दुसरं लागेना. तिसरंही नाही. चौथ्याला बकल बसलं. मुरगूडच्या दुधातुपाचं मनगट आहे माझं, मी म्हटलं. ते हसले नाहीत. बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही.

"चुकलो गं," ते म्हणाले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पट्टा हातात घेतला, पहिल्या भोकावर अंगठा फिरवला.

"एवढंच झालतं तिचं मनगट, शेवटी शेवटी," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळला होता की मला दुसरीकडे बघावं लागलं. "ऱ्हाऊ दे. कपाटाला कुलूप लावू नगासा. घालू दे तिला."

तेव्हापासून कपाट उघडंच असतं. अमरसिंह घड्याळ घालत नाहीत. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. कुणी माझ्या बोलण्यावर शंका घेतली तर ते माझं मनगट वर करून दाखवतील.

महिन्याभरानं वळ दुसऱ्या भोकाशी सरकला. आता तिसऱ्याशी आहे. "अंग धरायला लागली माझी बाय," सासूबाई परवा म्हणाल्या, आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "तू बी खात जा जरा. निसती चिवडत बसतीस."

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. ते पुन्हा कोइमतूरला गेलेत, उद्या येतील. मी कपाटातून घड्याळ काढलं. इतक्या दिवसांत स्वतःहून मी ते कधी हातात घेतलं नव्हतं. पट्टा मऊ होता आणि कोमट, नुकताच कुणी काढून ठेवल्यासारखा. तिसऱ्या भोकात बकल घातलं.

बसलं. बसलं काय, जरा सैलच झालं.

उद्या त्यांनी विचारलं, तर पुढं करायला माझ्याकडे मनगट उरलेलं नाही.