फान म्हाताऱ्याची हार्ड डिस्क

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण खरंखोटं करायला तैवानात, आमच्या जिआयीला येऊ नका. आमच्या गल्लीत या विषयावर आता कोणी तोंड उघडत नाही.

अशा गोष्टी रात्रीच घडतात असं म्हणतात. ही भर दुपारी घडली. गेल्या वर्षी, चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात, वादळाची सुट्टी जाहीर झाली होती त्या दिवशी, बाजारामागच्या लिआओंच्या दुकानात.

सातवा महिना म्हणजे भल्या भावांचा महिना. ज्यांना कोणी नाही असे मेलेले या महिन्यात मोकळे फिरतात. त्यांना 'भले भाऊ' म्हणायचं, दुसरं नाव घ्यायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यांना जेवण वाढायचं ते दाराबाहेर.

उंबऱ्याच्या आत नाही. कधीच नाही.

दुकान चालवते पेइ-रोंग. चाळिशी ओलांडलेली, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. धाकटा भाऊ चुन-वेइ तिच्या हाताखाली. कोणी गेलं की घरचे लोक फोटो आणि जुने व्हिडिओ आणून देतात. ही दोघं त्यांची फिल्म बनवतात आणि शेवटच्या निरोपाच्या दिवशी ती पडद्यावर दाखवतात. धंदा त्यांच्या वडिलांनी सुरू केला. श्वेइ-मू त्यांचं नाव.

एका पुरात त्यांच्या घरचे बहुतेक अल्बम लगद्यासारखे झाले होते. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी म्हाताऱ्याची गत झाली. जे वाचलं ते त्यांनी हार्ड डिस्कवर चढवलं आणि नियम केला, की घरच्या फोटोंच्या कॉपी तीन हव्यात. एक मशीनवर, एक कपाटात, एक दुसऱ्याच्या घरी.

दुसरा नियम गिऱ्हाइकांसाठी होता. ज्याची फिल्म, त्याची वेगळी डिस्क. काम झालं की ती घरच्यांना देऊन टाकायची. मेलेल्याच्या डिस्कवर जित्यांचं काही ठेवायचं नाही आणि आपल्या घरचं तर मुळीच नाही. का, असं विचारलं की ते म्हणायचे, "गोंधळ होतो." एवढंच.

आणि हिरवा पुडा. तो तर तैवानात सगळीकडेच असतो. मशीन नीट चालावं म्हणून त्याच्यावर नारळाच्या चवीच्या खाऊचा हिरवा पुडा ठेवायचा, वर पेनाने आपलं नाव आणि मागणं लिहायचं. तारीख उलटली की बदलायचा. आतला खाऊ खायचा नाही. याला हसणारे मोठमोठे इंजिनियरही आपल्या मशीनवर गुपचूप पुडा ठेवतात, मी पाहिलंय.

श्वेइ-मूंना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. वर्ष सरलं की गेलेल्याच्या उदबत्तीची चिमूटभर राख पूर्वजांच्या धुपाटण्यात मिसळतात. मग तो घरच्या पितरांत बसतो. तोवर आपल्याच घरात पाहुणा. त्या विधीसाठी पेइ-रोंगला वडिलांची फिल्म बनवायची होती. सगळ्यांच्या बापांची बनवली, आपल्या बापाची राहिली, असं ती म्हणायची आणि डोळे पुसायची.

आता फान.

फान हा लग्नाच्या जेवणावळींत राबणारा आचारी. बायको नाही, पोर नाही, भाड्याच्या खोलीत राहिला आणि तिथेच गेला. घरमालकानेच दया येऊन लहानशी फिल्म करून घेतली. फोटो मिळाले फक्त चार. चारही दुसऱ्यांच्या लग्नातले. मधे नवरानवरी, त्यांचं गोत, आणि अगदी कडेला परात घेतलेला फान, कुठे अर्धा कापलेला, कुठे पाऊण. डाव्या गालावर तेलाने भाजल्याचा डाग. चुन-वेइ तेव्हा म्हणाला होता, की याला मधे आणायचं तर अख्खं लग्न कापावं लागेल.

फिल्म झाली. डिस्क न्यायला कोणी आलंच नाही. ती खणात पडून राहिली.

वादळाच्या दुपारी वीज दोनदा गेली आणि आली. कामाचं मशीन जे बसलं ते उठेना. पेइ-रोंगने कपाटातली घरची डिस्क काढून लॅपटॉपला लावली, तर ती खरखरायला लागली. ही डिस्क मरणार, हे धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तिच्यातच वडिलांचे सगळे फोटो होते. तिसरी कॉपी शेजारच्या मिन-श्योंग गावी आत्याकडे होती, पण रस्ता बंद. दुकानं बंद. नवी डिस्क एकही शिल्लक नाही.

जागा होती ती फक्त फानच्या डिस्कवर.

"ताई, बाबांनी काय सांगितलं होतं?" चुन-वेइ म्हणाला.

"बाबांचे फोटो मरू दे असंही नव्हतं सांगितलं."

"निदान त्याचं आधी पुसून तरी टाक."

"जन्मभरात चार फोटो निघाले त्याचे. तेही पुसू? तुझ्या जिवाला बरं वाटेल?"

तिने पुसले नाहीत. हीच तिची चूक म्हणायची, की हाच तिचा चांगुलपणा... मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग कॉपी नीट व्हावी म्हणून तिने सवयीने एक नवा हिरवा पुडा घेतला. त्यावर लिहिलं, 'लिआओंचं घर. सांभाळा.' पुडा डिस्कवर ठेवला आणि रोजच्यासारखं म्हणाली, "आपलंच समजा, आणि शहाण्यासारखं राहा."

सातवा महिना. उंबऱ्याच्या आत. मेलेल्याच्या डिस्कवर खाऊ, आणि खाऊवर घरचं नाव.

तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

कॉपी पुरी झाली. जुन्या डिस्कने शेवटचा आचका दिला आणि ती गप्प झाली. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. चुन-वेइने चहाला पाणी ठेवलं.

आणि तेवढ्यात...

टक्. टक्. टक् टक् टक् टक्.

पेइ-रोंगच्या तोंडचं पाणी पळालं. हीही डिस्क चालली, असं वाटून ती केबल काढायला धावली. केबल तर चुन-वेइने आधीच काढून गुंडाळून ठेवली होती.

डिस्क टेबलावर सुटी पडली होती. आवाज तिच्यातूनच येत होता. सुरीने फळीवर कांदापात चिरावी तसा, सराईत हाताचा.

मग तो थांबला.

बाहेर वारा नुसता घोंघावत होता. आत दोघंही हलत नव्हती. पेइ-रोंगने हळूच डिस्कवरचा पुडा उचलला...

पुडा चपटा होता.

वरची शिवण जशीच्या तशी. कुठे भोक नाही, चीर नाही. हलवून पाहिला, आत काहीच वाजलं नाही. लहान भावाची खोडी म्हणून तिने चुन-वेइकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि ऊन पडलं की माणसाला शहाणपण सुचतं. पुड्यात हवाच कमी असेल, असं म्हणून दोघं कामाला लागली. मशीन दुरुस्त झालं, घरच्या फोटोंची त्यावरची कॉपी तेवढी गेली. पेइ-रोंगने डिस्क जोडली, वडिलांचे फोटो उघडले.

तिच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो. कडेला परात घेतलेला माणूस.

हे एक वेळ समजण्यासारखं होतं. फान गावभर लग्नांत राबायचा, हिच्याही लग्नात असेल. पुढचा फोटो आई-बाबांच्या समुद्रावरच्या सहलीचा. मागे वाळू, पाणी...

आणि कडेला परात घेतलेला फान.

पुढचा, चुन-वेइच्या बारशाचा. त्यात तो अजून आत होता. त्याच्या पुढच्यात परात नव्हती. तो घरच्यांच्या रांगेत उभा होता, हात विजारीच्या शिवणीला लावून, नव्या जावयासारखा अवघडलेला. आणि बाबा कडेला सरकले होते. अर्धे कापलेले.

तिने फाइल बंद केली. पुन्हा उघडली. बाबांचा आता फक्त खांदा दिसत होता.

पेइ-रोंग रडली नाही. तिसरी कॉपी आहे, असं म्हणून तिने स्कूटर काढली, मिन-श्योंगला आत्याकडून डिस्क आणली आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहावं म्हणून मशीनला जोडली.

फानची डिस्क तिथे आधीच लागलेली होती.

आणि मशीनवर बाबांनीच एक सोय करून ठेवली होती. आत्याकडची डिस्क लागली, की घरची सगळ्यात नवी कॉपी आपोआप तिच्यावर चढायची. कोणाला विसरायला वाव नको म्हणून. माणसाने केवढ्या मायेने केलेली सोय. पेइ-रोंगला आठवलं आणि तिने केबल ओढली, तोवर पडद्यावर आलंही होतं, की काम पूर्ण झालं.

त्या डिस्कवरही बाबांचा खांदाच उरला होता.

ती धावत माडीवर गेली. देवघराच्या भिंतीवर बाबांचा मोठा फोटो होता. कागदावरचा, चौकटीतला. डिस्कचा त्याच्याशी काय संबंध?

तिने वर पाहिलं...

डाव्या गालावर तेलाने भाजल्याचा डाग.

तिने चुन-वेइला हाक मारली. तो आला, फोटोकडे पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारायला लागला.

"हे बाबा आहेत?" ती म्हणाली.

"मग कोण?"

"गालावर बघ."

"तळताना उडालं होतं ना तेल."

"चुन-वेइ, बाबांना साधं अंडं तळता येत नव्हतं रे."

तो फोटोजवळ गेला. मग म्हणाला, "नव्हतं येत?" त्याचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता. तो चेष्टा करत नव्हता.

वर्षाच्या विधीला गल्लीतले आम्ही सगळे गेलो होतो. आत्या, म्हणजे श्वेइ-मूंची थोरली बहीण, पुढे बसली. जेवण मांडलं, उदबत्त्या लावल्या. गेलेला माणूस आला का, हे विचारायला चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे टाकतात. एक पालथा, एक उताणा पडला तर हो. दोन्ही सारखे पडले तर नाही.

"श्वेइ-मू, आलास का?" आत्याने विचारलं.

नाही.

तिने पुन्हा टाकले. नाही. पुन्हा टाकले. नाही. थंडगार खोलीत म्हातारीला घाम फुटला. विधी करणारे गुरुजी घड्याळ पाहायला लागले, त्यांना पुढे दुसरं घर होतं. शेवटी आत्याने तुकडे कपाळाला लावले आणि हळूच, फक्त पुढच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली...

"जो कोणी बसलाय, त्याचं पोट भरलं का?"

एक पालथा. एक उताणा.

गुरुजींना एवढंच हवं होतं. त्यांनी चिमूटभर राख उचलली. पेइ-रोंग माझ्या पुढेच बसली होती. थांबा म्हणायला ती अर्धी उठलेली मी डोळ्यांनी पाहिली. ती तशीच थांबली आणि परत खाली बसली.

राख पितरांत मिसळली.

का बसलीस, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, की हा माझा बाप नव्हे असं ओरडणारच होते. पण मग माझा बाप दिसायचा कसा, हे मनात आणायला गेले, तर तिथे नुसता खांदा होता.

यंदा सातवा महिना आला. पेइ-रोंगने दुकानाबाहेर भल्या भावांचं टेबल मांडलं. फळं, बिस्किटं, दारू, सगळे ठेवतात तसं. आणि एका कडेला वाटीभर टर्की पक्ष्याचं मांस घातलेला भात, वर अर्धकच्चं अंडं. बाबांना आवडायचा, अंडं कालवून आधी मला द्यायचे, म्हणाली. चव तेवढी तिला आठवत होती. पितरांचं जेवण देवघरात मांडतात. बापाला बाहेर, बेवारशांत वाढायची वेळ कोणावर येऊ नये.

दुपारी मी तिच्याकडे बसलो होतो. उन्हासाठी शटर अर्धं ओढायचं ते तिने पूर्ण ओढलं होतं. गल्ली सुनसान होती. आणि मग बाहेरून...

शटरवर किल्ल्यांचा जुडगा वाजला. दोनदा.

श्वेइ-मू जन्मभर तसेच वाजवायचे. मला तो आवाज झोपेतही ओळखता येईल. पुन्हा वाजला. दोनदा, घाई न करता, आपल्याच घरी आलेल्या माणसासारखा.

वर माडीवर, देवघराच्या बाजूला, कोणीतरी फळीवर काहीतरी चिरायला लागलं. टक् टक् टक् टक्.

पेइ-रोंग शटरला हात लावून उभी होती. ती उघडत नव्हती. मी म्हटलं, "उघड ना, तुझा बाप आहे."

"उघडते," ती म्हणाली. "पण बाहेर कोणी उभा असला, तर तो बाबाच आहे हे मी कशावरून ओळखू?"

तिने उघडलं नाही. थोड्या वेळाने किल्ल्या वाजायच्या थांबल्या. संध्याकाळी टेबल आवरताना पाहिलं, तर बाकी सगळं होतं तसंच होतं. भातावरचं अंडं तेवढं फोडून नीट कालवलेलं होतं आणि वाटी बंद दाराकडे सरकवलेली होती.

मी घरी आलो. श्वेइ-मूंशी माझी वीस वर्षांची ओळख, रोज त्यांच्याच ओट्यावर बसून चहा प्यायचो. त्या पोरीला नाही आठवत, तर मी सांगेन तिला तिचा बाप कसा दिसायचा, असं मनाशी ठरवलं आणि डोळे मिटले.

चेहरा लगेच आठवला. अगदी स्पष्ट.

डाव्या गालावर तेलाने भाजल्याचा डाग होता.