तीन अंशांची सावली

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तापमापकातला पारा ९४ अंशांवर होता. पाच मिनिटांनी तो ९१ वर आला. आभाळात ढग नव्हता. काच पुसलेली होती, आरशाचा कोन मी बदलला नव्हता. म्हणजे कारण बाहेरचं होतं. मी वहीतून मान वर केली, तर ते माझ्या पाठीशीच उभं होतं – खाकी पँट, खांद्यावर मोजणीची साखळी, आणि चेहऱ्यावर जत्रेत आल्यासारखं कुतूहल.

"तुमची सावली काढा," मी म्हणाले.

"अं?"

"माझ्या पेटीवर पडली आहे. तीन अंश खाल्ले तिनं. किती वेळ उभे आहात?"

"असेन... पाचेक मिनिटं. डाळीचा वास आला म्हणून..." तो एवढ्या घाईनं बाजूला झाला की साखळी पायात अडकली आणि साहेब आमच्या अंगणात गुडघ्यावर आले.

मागे दारात सूप पडल्याचा आवाज झाला. माझी आई, केशरबाई, तोंडाला पदर लावून उभी होती. आधी मला वाटलं ती घाबरली. मग दिसलं, ती हसत होती... आणि डोळेही पुसत होती.

"पोरी, कोनाले बोलली समजलं का? भगवंतराव पाटलाचा जानराव हाय थो." ती हळूच म्हणाली. "त्याच्या घरच्या विहिरीवर माही सावली पान्यात पडू नोये म्हनून मी दहा हात लांब उभी राहो. अन् तू त्याले म्हनते, सावली काढ!"

हे १९६३ च्या एप्रिलातलं, तेल्हाऱ्यातलं. आम्ही बौद्ध होऊन सात वर्षं झाली होती. मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि सुटीत घरी आले होते. आईचा चुलीच्या धुरानं चाललेला खोकला ऐकवेना, म्हणून चहाच्या खोक्याची सूर्यचूल केली होती. आतून काळा रंग, वर दोन काचा, झाकणाला आरसा आणि चारी बाजूंना आईच्या जुन्या गादीतला कापूस. आत तुरीची डाळ.

जानराव वीजखात्यात ज्युनियर इंजिनिअर होता, अकोल्याला. गावात वीज येणार होती आणि तो खांबांच्या जागा आखायला आला होता.

"शेवटचा खांब कुठे?" मी विचारलं.

"त्या कडुनिंबापाशी."

"आमची वस्ती तिथून सत्तर पावलं पुढे आहे."

तो अडखळला. "अंदाजपत्रकात... एवढंच बसलं."

"सत्तर पावलं बसली नाहीत? मोजली कोणी?"

 त्यानं टोपी काढली आणि तो कडुनिंबापासून आमच्या दारापर्यंत चालत आला, पावलं मोजत. "अडुसष्ट," तो म्हणाला. "पण माझी टांग लांब आहे."

मला हसायचं नव्हतं. मी फार चिडलेली होते. तरी हसू आलं, त्याला माझा इलाज नाही.

तीन दिवसांनी तो पुन्हा आला. म्हणे खांबाच्या जागेवर ठोकलेली खुंटी हलली का ते पाहायचं होतं. आईनं त्याला सूर्यचुलीतलं वरण वाढलं आणि तो जेवेपर्यंत दाराशी उभी राहिली. त्यानं दुसऱ्यांदा वरण मागितलं, तेव्हा कुठे ती खाली बसली.

"चव चांगली आहे," तो मला म्हणाला, "पण हे खेळणं झालं. अणू येऊ द्या. वीज फुकटासारखी होईल."

"फुकटासारखी म्हणजे किती?"

"युनिटाला तीन पैसे."

"कोणी मोजले?"

"वाचलं मी."

"मी मोजलेल्याबद्दल बोलते."

"तुमच्याशी बोलायचं म्हणजे मोजपट्टी घेऊन यावं लागते राव!"

"मग आणत चला."

जूनमध्ये मी अमरावतीला परतले, पेटी आईपाशी राहिली; डाळ कोणत्या दिवशी शिजली, कोणत्या दिवशी नाही, ते ती कुणाकडून लिहवून कळवी आणि मी वहीत टिपी. मग अकोल्याहूनही पत्रं येऊ लागली. जानरावच्या पत्रांत आधी आकडेच असायचे – डिझेलचा खर्च, तारेतली गळती, तारापूरला अणुवीज केंद्र होणार आहे त्याची कात्रणं. मी चुका लाल शाईनं दुरुस्त करून पत्र परत पाठवी. पावसाळा संपता संपता एक पत्र आलं, त्यात फक्त एक ओळ होती: 'यात चूक काढून दाखवा – मला तुमची आठवण येते.'

मी लाल पेन उघडलं... आणि बंद केलं.

दिवाळीआधी अमरावतीत, वडाळीच्या तलावावर त्यानं लग्नाचं विचारलं. पाण्यावर ऊन चमचमत होतं आणि तो माझ्याकडे न पाहता त्या उन्हाकडे पाहत होता.

"नागपूरला जाऊन नोंदणी करू. गुपचूप. बाबांना मागाहून सांगू."

मला आधी इतका आनंद झाला की 'गुपचूप' हा शब्द उशिरा पोचला.

"मागाहून म्हणजे कधी?"

"वेळ पाहून."

"जानराव, माझ्या आईनं जन्मभर दहा हात लांब उभं राहून पाणी घेतलं. मी लग्नही लांबूनच करू? मी काय चोरीचा माल आहे?"

"तसं नाही शकुन..."

"मग कसं? बाबांसमोर, दिवसाउजेडी, मोठ्यानं सांगा. त्यानंतर माझं उत्तर विचारा. ते तयार आहे."

"काय आहे उत्तर?" त्याचे डोळे हसले.

"ते त्यानंतर."

त्यानं नऊ नोव्हेंबरचा वायदा केला. नऊ तारखेला कळलं, कापूस घरी येऊ द्या. मग डिसेंबरची पहिली तारीख ठरली. त्या दिवशी बाबांची तब्येत नरम होती. मग संक्रांत. संक्रांतीला बाबा खुशीत होते, म्हणून त्याला त्यांची खुशी बिघडवावीशी वाटली नाही. या माणसाला एक अख्खा अणू फोडायला सांगितला असता तर त्यानं फोडला असता. पण वडिलांसमोर एक वाक्य? छे.

फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात वाद ठरला – उद्याची वीज सूर्याची की अणूची. मी एम.एस्सी.ला अणुकेंद्राचाच विषय घेतला होता, म्हणून अणूची बाजू मागितली. प्राचार्य म्हणाले, "बाई, तुम्ही सूर्य घ्या. त्यात स्वयंपाक येतो." अणूच्या बाजूनं अकोल्याहून एक तरुण इंजिनिअर बोलावला गेला. कोण, ते सांगायला नको. त्याला अणूतलं जेवढं कळत होतं ते माझ्या लाल शाईतून आलेलं होतं!

मी संतापले. मग सूर्यचूल तेल्हाऱ्याहून मागवली, सोबत आईलाही. वादाच्या आदल्या आठवड्यात जानरावनं पत्रातून माझी नोंदवही मागितली. मी ती तशीच दिली. आकडे लपवून जिंकायचं असतं तर मी विज्ञान शिकले नसते. वहीत तिसरा रकाना शेऱ्याचा होता, हे मी विसरले होते. निदान आजवर तसंच सांगत आले आहे.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत पांढरा फेटा बांधून भगवंतराव बसले होते, मुलाचं भाषण ऐकायला.

मी खरं तेच सांगितलं. उन्हाची वीज करणाऱ्या सूर्यपट्टीवर चाळीस वॅटचा एक दिवा लावायचा तर आजच्या भावानं वीस हजारांच्या घरात खर्च येईल, हे मीच आधी सांगितलं. मग म्हणाले, "पण अणूचे तीन पैसे कसे काढले, तेही विचारा. केंद्र वर्षातले ऐंशी टक्के तास न थांबता चालेल असं धरून. जळून उरलेलं इंधन कुठे ठेवायचं, त्याचा खर्च न धरता. आणि तार कडुनिंबापाशी थांबते, तो खर्च तर कुठल्याच कागदावर नाही. सूर्य महाग असेल. पण तो वस्ती पाहून सत्तर पावलं आधी थांबत नाही."

मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतून नाही.

जानराव उठला. बोलला छान. "सूर्य सहा वाजता घरी जातो. आमच्याकडच्या कापसाच्या जिनाले रातपाळी असते." हशा झाला. "अन् भरवसा? बाईंचीच वही वाचतो. एकशे वीस दिवसांत चौतीस दिवस डाळ शिजली नाही. अकरा जुलै, ढग. पाच ऑगस्ट, पाऊस. नऊ नोव्हेंबर..."

तो थांबला.

"वाचा ना," मी माझ्या जागेवरून म्हणाले. "शेऱ्याचा रकाना."

त्यानं पान उलटलं. आणखी एक उलटलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. त्या रकान्यात तीन तारखांपुढे एकच वाक्य होतं – 'आजही सांगितलं नाही.'

"वेळ संपली," प्राचार्य म्हणाले. अणू जिंकला. वही मिटून जानराव खाली उतरला, आणि माझ्या मनात आलं, आता हा अकोल्याची गाडी पकडेल... तिथून पत्र येईल, होळी होऊ द्या.

चार वाजता लोक आवारात सूर्यचूल पाहायला जमले. आई पेटीशी उकिडवी बसली होती. फेब्रुवारीतलं ऊन तिरपं झालं होतं, सावल्या लांब. भगवंतराव पुढे आले, काठी टेकून वाकले. त्यांच्या फेट्याची सावली आरशावर पडली. पारा हलला. आईनं सवयीनं स्वतःचं अंग मागे ओढलं... दोन हात, तीन हात.

माझ्या घशात शब्द होते. ते मी मुद्दाम गिळले. आज ते माझे नव्हते.

"बाबा," मागून आवाज आला, "जरा बाजूले सरा."

"काहून?"

"तुमची सावली पडून राहिली तिच्या पेटीवर. अन् केशरबाई, तुमी मांगं नका सरू. तिथंच बसा."

 भगवंतराव सावकाश सरळ झाले. एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "कोन हाय थे?"

जानराव माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.  तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. आणि प्राचार्यांसकट सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"हे शकुन हाय, बाबा. तेल्हाऱ्याच्या केशरबाईची पोरगी. तुमी या का नका येऊ... मी हिच्याशी लग्न करून राहिलो!"