भरतीला काढायची राहिलेली हवा

सगुणाने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कोलशेतच्या खाडीत गुडघाभर चिखलात उभा होतो आणि माझा उजवा बूट कुठेतरी खाली राहिला होता.

"ओ फिटर, तो बूट आता खेकड्यांचा झाला," ती किनाऱ्यावरून म्हणाली. "दुसरा पण देऊन टाका. त्यांची जोडी तरी होईल."

मी रागाने वर पाहिलं. कमरेवर कोळंबीची पाटी, घामाने कपाळाला चिकटलेले केस... आणि ते हसू. राग काही टिकला नाही.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. मी वागळे इस्टेटमधल्या एका लहान वर्कशॉपमध्ये फिटर होतो, राहायला डोंबिवलीला. एका साहेबांची शिडाची बोट कोलशेतला असायची. त्यांच्या बाईसाहेबांना बोटीवर गरम पाण्याने अंघोळ हवी होती, म्हणून मला पाठवलेलं. बोटीला शिडाशिवाय एक लहान इंजिनही होतं. इंजिन गार ठेवायला त्यात फिरणारं पाणी तापतंच. तेच दोन नळ्यांनी वरच्या टाकीतल्या वेटोळ्यातून फिरवायचं, की टाकीतलं अंघोळीचं पाणी तापतं. बोटीची राखण सगुणाचे वडील करायचे, दामाजी.

काम चार दिवसांचं होतं. सगुणा मला होडीने बोटीवर सोडायची, आणि सोडून जायची मात्र नाही.

"तू जात का नाहीस?"

"तुम्ही पाण्यात पडलात तर बाबांचं नाव जाईल."

"मी नाही पडत."

"बुटाला विचारा."

चौथ्या दिवशी नळ्या भरल्या. नळ्यांत हवा अडकली तर पाणी फिरत नाही, म्हणून सगळ्यात उंच वळणावर एक पितळी स्क्रू ठेवतात. मी तो सैल केला. सूं करून हवा निघाली, मग फेसाळ पाणी, मग सरळ धार. मी स्क्रू आवळला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"पण ओहोटी आहे. बोट एका अंगावर झोपलीय. ती उठून सरळ झाली की ते पलीकडचं वळण उंच होईल ना?"

मी पलीकडचं वळण पाहिलं. चार वर्षं काम केलं होतं, पण जमिनीवर. वर्कशॉपची फरशी कधी कलंडत नाही.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. "भरती आली की इंजिन चालवू. एका नळीवर तू हात ठेव, एकीवर मी. दोन्ही गरम लागल्या तर ठीक. एक गार राहिली तर परत हवा काढायची."

"माझीच गार राहिली तर?"

"तर... परत हात ठेवायचा."

"चांगलंय. बरेच दिवस चालेल मग काम," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

भरती दुपारी चारला आली. बोट हळूहळू सरळ झाली. आम्ही शेजारी तिच्या होडीत होतो. तिने भाकरी आणि सुकट आणली होती.

"उद्यापासून येणार नाही ना तुम्ही?"

"काम संपलं."

"हो... संपलंच की."

"तू बोलव. मी येईन."

तिने पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "यायचं तर बाबांना विचारायला या," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, पाण्याकडे बघून.

मग आम्ही नुसते बसून राहिलो. इंजिनाची आठवण झाली तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं. त्या दिवशी शनिवार होता, आणि साहेब उद्याच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी येणार होते. "सोमवारी बघू," मी म्हणालो. तीही म्हणाली, "बघू."

साहेब दुसऱ्याच दिवशी पाहुणे घेऊन आले. खाडीच्या मधोमध इंजिन उकळलं आणि तडकलं. बोट दुसऱ्यांच्या होड्यांनी ओढून आणावी लागली. दामाजी सांगत राहिले, "साहेब, पानी बगितलं व्हतं. तोंडापरयंत व्हतं." खरंच होतं. आत हवा अडकली की वरून पाणी भरलेलंच दिसतं. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "किती प्यायलायस?" दामाजींनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. सोळा वर्षांची राखण त्या दिवशी सुटली.

सोमवारी सगुणा वर्कशॉपच्या फाटकाशी आली. डोळे सुजलेले.

"मी साहेबांना सांगतो," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"सांगशील आणि तुझी नोकरी जाईल. मग बिननोकरीच्या, जातीबाहेरच्या पोराला बाबा मला देतील?"

"आणि त्यांच्या नावाचं काय?"

ती रडायला लागली. "लग्न होऊ दे. मग दोघं मिळून सांगू."

मला ते पटलं. पटवून घेणं सोपं होतं.

मी दर रविवारी त्यांच्या घरी जायला लागलो. गावात बोलायचे, दामाजी पिऊन होता. दामाजी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलायला जायला लागले होते. मी त्यांना म्हणायचो, "तुमची चूक नव्हती." त्याच्या पुढचं वाक्य कधी बोललो नाही.

आठ महिन्यांनी मी मागणी घातली. भाऊबंद चिडले. दामाजी त्यांना म्हणाले, "आख्ख्या गावात ह्यो एकला बोलला, दामाजी, तुजी चूक नाय. पोर ह्यालाच देनार."

सगुणा दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

आमचं लग्न झालं. डोंबिवलीच्या एका खोलीत आम्ही दहा वर्षं राहिलो. मूल झालं नाही. पण आम्ही सुखात होतो, हे लिहायला लाज वाटते तरी लिहितो. दरवर्षी ठरायचं, या दिवाळीला सांगू. दिवाळीला दामाजी यायचे, मला जावईबापू म्हणायचे, आणि आम्ही त्यांना करंज्या वाढायचो.

सत्त्याण्णवमध्ये तिला कावीळ झाली. दवाखान्यात ती म्हणाली, "आता तरी सांगू या का रे?"

"आधी बरी हो," मी म्हणालो.

नवव्या दिवशी ती गेली.

महिन्याने दामाजी आले. माझ्यासाठी सुके बोंबील आणले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. स्क्रू, ओहोटी, भरती, ती दुपार. काही सोडलं नाही.

"तिला म्हाईत व्हतं?"

"हो."

"पयल्यापासून?"

"हो."

 मग दामाजी म्हणाले, "ती हाय तवा सांगायचं व्हतं. चार शिव्या दिल्या असत्या तिला. वरीसभर बोललो नसतो. मग आलो असतो जेवायला... आता कोनावर रागवू मी?"

"माझ्यावर रागवा, बाबा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं.

"तू कोन?" ते म्हणाले, आणि चपला घालायला उठले.