एकशे एकवीस वर्षांचा माणूस

"हा माणूस अजून जिवंत कसा?"

तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. वय एकशे एकवीस. रोज दोन पाकिटं सिगारेट.

खोलीला खिडकी नव्हती. दाराला बाईंनी आतून कुलूप घातलं होतं, किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. आत बसवलेल्या तिघा कर्मचाऱ्यांचे फोन बाहेर पहारेकऱ्याकडे.

संगणकातल्या त्या शहरात एक लाख कल्पित माणसं होती. ती सिगारेट धरत, सोडत, पुन्हा धरत, आजारी पडत, मरत. सिगारेटवरचा कर वाढवला तर किती वाचतील, हे त्यावरून काढायचं.

"तीन वाजता समिती बसते आहे," बाई म्हणाल्या. "सिगारेट कंपनीच्या वकिलाकडेही याची प्रत आहे. हा म्हातारा त्याला सापडला, की अख्खं शहर खोटं ठरेल आणि करवाढ बासनात गुंडाळली जाईल. हे कोणी केलं ते कळेपर्यंत दार उघडणार नाही."

"मी माझ्याच कामावर कशाला पाणी फिरवू?" प्रमुख सरांनी कॉलर सैल केली.

"घरी कोण असतं तुमच्या?"

"मी आणि मांजर. तिला तरी यात ओढू नका."

घरोघरच्या पाहणीची माहिती संगणकात भरणाऱ्या ताई रडवेल्या झाल्या होत्या. "माणसं मीच भरते, मॅडम. पण एवढ्या वयाचं कोणी भरलेलं नाही."

"घरी कोणी सिगारेट ओढतं?"

"घरी सासूबाईंना दमा आहे. मेणबत्ती पेटवली तरी मला ऐकून घ्यावं लागतं."

प्रोग्रॅम लिहिणारा तिघांत लहान, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणत. बाई पडदा पाहायला त्याच्या खांद्यावरून वाकल्या.

"तुम्ही ओढता?"

"छे! हातसुद्धा लावत नाही."

शर्ट धुतलेला, इस्त्रीचा होता. तरी त्यात मुरलेला धुराचा वास आला.

"ज्याच्यावरून माणसांच्या चिठ्ठ्या निघतात, तो सुरुवातीचा आकडा बदला. शहर नव्याने वसवा."

बारक्याने बदलला. पाहणीतून नवी माणसं निवडली गेली, एक लाख चेहरे पालटले. म्हातारा तिथेच. पुन्हा बदलला. म्हातारा तिथेच.

बाई खुर्चीत बसल्या.

"ताई, तुम्ही सुटलात. पाहणीतून आला असता तर तोही बदलला असता. याला प्रोग्रॅममध्ये हाताने बसवलंय."

"म्हणजे उरलो आम्ही दोघं," सर म्हणाले.

"कंपनीसाठी केलं असतं तर हजारो अमर केले असते. एका माणसाने शेवटचा आकडा हलतही नाही. हे मायेपोटी केलंय." बाईंनी मान वळवली. "सरांकडे मांजर आहे. बारक्या, न ओढता तुझ्या शर्टाला वास कुणाचा?"

त्याचे हात कीबोर्डवरच राहिले.

"बाबांचा."

"बोल."

"प्रोग्रॅम नीट चालतो का पाहायला ओळखीचा एक माणूस आत सोडायचा, हे सरांनीच शिकवलं. मी बाबांना सोडलं. रोज चालवायचो, रोज मरायचे. कधी फुप्फुसं, कधी हृदय. एकदा मी त्यांचं मरण बंद केलं. परत चालू करवेना."

"त्यांना सांगितलंस?"

"हसतात. म्हणतात, तुझा कॉम्प्युटर मला ओळखतो होय रे?"

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

"समितीला मी स्वतः सांगणार आहे," बाई म्हणाल्या. "वकिलाच्या आधी. आता मरण चालू कर. तूच."

त्याने एक ओळ खोडली. कर दुप्पट करून शहर चालवलं. वर्षं सरकली. बाबांनी सिगारेट सोडली, धरली, पुन्हा सोडली. मग नोंद थांबली. वय त्र्याऐंशी. वाचलेल्यांचा आकडा आधीचाच निघाला.

"त्र्याऐंशी!" ताई म्हणाल्या. "पुष्कळ झालं रे."

बारक्याचं बोट परत कळीकडे गेलं. "अजून एकदा बघतो."

बाईंनी त्याचं मनगट धरलं. "दर वेळी वेगळं निघणार."

"म्हणूनच."

"घरी आयुष्य एकदाच चालतं."

त्यांनी किल्ली काढली, कुलूप उघडलं. सर आणि ताई घाईने बाहेर पडले. बारक्या मात्र उठेना.

"दार उघडं आहे," बाई म्हणाल्या. "जा. ते घरी असतील ना?"

"असतील," तो म्हणाला. "ओढत बसले असतील."