पेन्सिलीतला चौकोन

रक्त तपासायला गेले आणि चुकीच्या दारातून आत शिरले. आत एक चष्मेवाला मोठ्या कागदावर वर्तुळं काढत बसला होता. मी शाळेत चित्रकला शिकवते. इतकी वाकडी वर्तुळं बघून राहवेना.

"द्या इकडे पेन्सिल," मी म्हटलं.

तो थायरॉइडवर अभ्यास करत होता. शरीर आपल्याच गळ्यातल्या ग्रंथीवर का उलटतं, हे शोधायला रुग्णांच्या वंशावळी जमवत होता. माझाही आजार तोच, म्हणून माझी वंशावळ काढायला बसला. बाई म्हणजे वर्तुळ, पुरुष म्हणजे चौकोन, आजारी माणसाच्या आत रंग. आजी रंगली, आई रंगली, मावशी रंगली, मग मी... आणि सवयीने त्याचा हात पुढे गेला. माझ्या शेजारी चौकोन, मध्ये रेघसुद्धा!

"हे कोण?" मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. वयावरून लग्न झालंय असं धरून चाललो, असं पुटपुटत तो खोडायला लागला. माझं वय काढतो म्हणजे काय! पण राग काही आला नाही.

खरं तर चौकोन मलाच नको होता. दोन स्थळं मीच परतवली होती. आपल्याखाली येणारं मुलीचं वर्तुळही रंगवलेलंच येणार, या धास्तीने मनात घर केलं होतं.

माहिती राहिली म्हणत तो दोनदा शाळेत आला. घरात कुणी सिगारेट ओढायचं का, बाळंतपणानंतर कुणाचं बिघडलं का... तिसऱ्यांदा आला तो वंशावळीचा कच्चा कागद घेऊन. प्रश्न एकही नव्हता. मग मीच मनातली धास्ती बोलून टाकली.

"पिंड घरातून येतो," तो म्हणाला, "पण नुसत्या पिंडाने आजार होत नाही. सारख्या दिसणाऱ्या जुळ्या बहिणींतही कित्येकदा एकीलाच होतो. ठिणगी बाहेरून पडावी लागते – धूर, जास्तीचं आयोडीन, एखादा संसर्ग... सगळ्या ठिणग्या आम्हालाही सापडलेल्या नाहीत."

"म्हणजे होणारच नाही, असं नाही."

"नाही. आणि... माझी आईसुद्धा रंगवलेलीच आहे."

स्वतःची बाजू पडती करून खरं सांगणारा हा पहिलाच.

"मग आपल्या मुलीला –" मी जीभ चावली.

तो हसला नाही. "झालाच, तर सकाळी उपाशीपोटी एक गोळी. मग अर्धा तास वाट बघायची, आणि त्यानंतर चहा. चहा मी करेन... दोघींचा."

माझे डोळे भरून आले. खोडलेल्या चौकोनाची खूण कागदावर अजून दिसत होती. पर्समधली पेन्सिल काढून मी तो नीट गिरवला आणि मधली रेघ काढायला पेन्सिल त्याच्या हातात दिली.

रेघ वाकडीच आली. मी ती तशीच राहू दिली.