तामलवाडीची तिसरी तक्रार

खरं तर त्या दिवशी तामलवाडीला गोरोबा जायचा होता. पण त्याची गाडी पंक्चर झाली आणि तुळजापूरच्या दुकानातून मालकानं दुसऱ्या मेकॅनिकला, योगीराजला पिटाळलं. चष्मे लावून बघायच्या थ्रीडी टीव्हीचं तेव्हा भारी कौतुक होतं, आणि तिथल्या बब्रुवानकाकांनी हौसेनं नेलेल्या टीव्हीत सगळं दोन-दोन दिसत होतं.

दार उघडलं ते काकांच्या लेकीनं, अयोध्यानं. टीव्हीचा चष्मा कपाळावर चढवलेला, हात पिठाचे.

"तुम्ही मेकॅनिक? एवढे बारके?"

"टीव्ही दुरुस्त करायचाय, उचलायचा न्हाय," योगीराज म्हणाला, आणि ती खळखळून हसली.

बिघाड कसला न् काय! टीव्हीला नजर लागू नये म्हणून अयोध्याच्या आईनं विणलेला रुमाल वरून सोडला होता. चष्म्याला इशारा देणारं बारीक भिंग नेमकं त्याखाली झाकलं गेलं होतं. योगीराजनं रुमाल बाजूला सारला. तपासायला घेतलेला चष्मा तिला परत देताना बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही एकदमच टीव्हीकडं बघितलं.

"अगं बाई, फुलपाखरू नाकावरच आलं की! किती लांब बसायचं ओ?"

"सात-आठ फुटांवर."

"टीव्हीपासून, का तुमच्यापासून?"

योगीराजचे कान तापले. उत्तर सुचलं, पण ते परतीच्या वाटेवर.

पंधरवड्यात दुसरी तक्रार आली. चष्मा चालूच होत नव्हता. उघडून बघतो तर आतला चपटा सेल उलटा बसलेला. तो त्यानं सुलटा केला, चहा घेतला, आणि मग आणखी एक चहा घेतला.

"पुन्यांदा बिघडला तर?" तिनं विचारलं.

"पुन्यांदा येईन."

"नक्की? ...दुसऱ्या कुणाला पाठवायचं न्हाय."

आता याहून उघड पोरीनं काय बोलावं? पण आमचा गडी पडला मेकॅनिक. त्याला फक्त वायरीतलं कळत होतं.

तिसऱ्यांदा पुन्हा तोच चष्मा, पुन्हा उलटाच सेल. या वेळी बब्रुवानकाका समोर बसलेले, आणि लई वैतागलेले. "असला टीव्ही नगं आमाला. बदलून द्या," म्हणाले. आपल्या कामाला बट्टा लागतोय, एवढंच योगीराजला दिसलं.

"काका, टीव्हीत दोष न्हाय," तो बोलून गेला. "कुणीतरी मुद्दाम सेल उलटा घालतंय. आपोआप असं होत न्हाय."

काकांनी लेकीकडं पाहिलं. मग योगीराजकडं पाहिलं. अयोध्या मान खाली घालून आत निघून गेली, आणि त्या दिवशी चहा कुणी विचारला नाही.

तेव्हा कुठं याच्या डोक्यात उजेड पडला! बाहेर येऊन गाडीला किक मारायचंही त्याला सुचेना. नंतर दुकानातला फोन वाजला की तो गोरोबाच्या आधी धावायचा. तामलवाडीचा फोन आला नाही. आपणच जावं, काकांशी बोलावं, असं रोज ठरायचं आणि रोज राहून जायचं. तक्रार आल्याशिवाय कुणाच्या दारात जायची त्याला सवय नव्हती. फार चुकलं त्याचं.

चार महिन्यांनी काका लेकीला घेऊन दुकानात आले. तिच्या संसाराला टीव्ही द्यायचा होता. लग्न ठरलं होतं, नवरा मुलगा आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीचा. काका मालकाशी बोलत बसले, आणि अयोध्या टीव्हींच्या रांगेसमोर येऊन उभी राहिली.

"थ्रीडी घ्यावा का?" तिनं विचारलं.

"नका घेऊ. पुढं चष्मे मिळायची पंचाईत हुईल. साधाच बरा."

"बरं. साधा."

"अयोध्या..." त्यानं पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं. "त्या सेलचं मला लई उशिरा कळलं. त्या दिवशी मी तसं बोलाय नको होतं. दुसरंच बोलाय पायजे होतं."

ती बंद पडद्याकडं बघत राहिली. "दोन महिने वाट बघितली मी. मग होकार दिला."

पलीकडं काकांनी लेकीला हाक मारली. तिनं डोळे पुसले आणि वॉरंटी कार्ड त्याच्यापुढं धरलं.

"बिघडला तर कुणाला बोलवायचं? लिहून द्या."

स्वतःचा नंबर लिहायला त्यानं पेन टेकवला... थांबला... आणि वाशीच्या आण्णासाहेब मेकॅनिकचा नंबर लिहिला.

तिनं तो वाचला. "म्हंजे तुम्ही न्हाय येणार."

"वाशी आमच्या दुकानाच्या हद्दीत येत न्हाय," तो म्हणाला.