सॅडल क्रीकचं बक्कल

"चोरी झालीय, आणि सत्कार आज संध्याकाळी आहे," तात्याराव म्हणाले. यातलं जास्त गंभीर काय, ते अभयला त्यांच्या आवाजावरून कळेना.

द्वारका रणपिसे थेट त्यांच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी गेल्या. मंडईजवळच्या त्यांच्या खासगी तपासाच्या कचेरीत हडपसरची माणसं बहुधा स्थळांच्या चौकशीसाठी येत. बक्कल हरवल्याची केस पहिलीच. अभय त्यांचा सहायक. चुकीच्या माणसावर संशय घ्यायचं काम तो मनापासून करी.

तात्याराव आणि प्रेमलाबाई गेल्याच आठवड्यात अमेरिकेतल्या लेकीकडून परतले होते. तिने त्यांना सॅडल क्रीक दाखवलं. काउबॉयांचं जुनं गाव. एकच रस्ता, माणसांपेक्षा घोडे जास्त.

"तिथल्या जत्रेत वासरू उधळलं, थेट पोरांच्या घोळक्याकडे," तात्याराव रंगात आले. "खांबावरचा दोर घेतला, फेकला, वासरू जागच्या जागी! गावाने चांदीचं बक्कल दिलं. खोगीर शिवणाऱ्याने कमरेचं माप घेऊन पट्टा केला."

चोराने पट्टा ठेवून नुसतं बक्कल नेलं होतं. अभयने पट्टा तात्यारावांच्या कमरेला लावून पाहिला. टोकं भेटेनात.

"तात्या, तुम्हाला बसत होता हा?"

"तिकडे माणूस बारीक होतो," पोटावरून हात फिरवत तात्याराव म्हणाले. "ती वरच्या फळीवरची निमंत्रणपत्रिका काढा जरा. माझा खांदा धरलाय, चार वर्षं हात वर जात नाही."

ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या त्या पत्रिकेवर 'काउबॉयवीर तात्याराव' असं ठसठशीत छापलं होतं. खाली बारीक अक्षरात 'सौ. उपस्थित राहतील.'

"टोपी अशीच होती?" द्वारकाबाईंनी विचारलं. कपाटातली काउबॉय टोपी उताणी होती.

"छे! मी बक्कल झाकून पालथी ठेवली होती. तिकडे उताणी ठेवतात, नाहीतर म्हणे नशीब सांडतं. मी नाही मानत."

अभयने टोपी काढून टीपॉयवर ठेवली. पालथी.

पुतण्या रोहन हेडफोन काढून म्हणाला, "काल मी टोपी घालून काकांच्या पराक्रमाचं रील केलं, मग सोफ्यावर फेकली. काका ओरडले, त्यांनीच उचलून ठेवली. बक्कल घेऊन मी काय करू? माझी पँट इलॅस्टिकची आहे."

शेजारच्या अनिरुद्धरावांकडे या घराची किल्ली असे. "आम्ही स्वित्झर्लंड पाहिलंय," ते म्हणाले. "तिथल्या गाई शिस्तीच्या. कोणाला दोर फेकावा लागत नाही. आणि दुसऱ्याचा पराक्रम ठेवायला आमच्या घरात जागा नाही."

"हाच!" अभय पुटपुटला.

प्रेमलाबाई चहा घेऊन आल्या. ट्रेसाठी जागा करताना त्यांनी टोपी उचलली, उलटी केली आणि बाजूला ठेवली.

"माहेर कुठलं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"जेजुरीजवळचं. घरी गाई होत्या."

द्वारकाबाईंनी कप खाली ठेवला.

"रोहनने टोपी फेकली, अभयने पालथी ठेवली, तात्या तर हट्टाने पालथी ठेवतात. सॅडल क्रीकची सवय लागलेलं माणूस या घरात एकच आहे. आत्ता चहा ठेवताना ती सवय दिसली."

"प्रेमला?" तात्याराव उठले. "अगं, स्वतःच्या घरात चोरी?"

"चोरी कसली?" द्वारकाबाई म्हणाल्या. "माप घेऊन शिवलेला पट्टा आठवड्यात तात्यांना तोकडा कसा पडला? आणि ज्यांचा हात फळीपर्यंत जात नाही, त्यांनी दोर कसा फेकला? दोर बाईंनी फेकला, तात्या. लहानपणापासून वासरं अडवलीत त्यांनी. पट्टा त्यांच्याच मापाचा आहे."

प्रेमलाबाईंनी कमरेला खोचलेला रुमाल सोडला. त्यात बक्कल होतं.

"माझं मी घेतलं," त्या म्हणाल्या. "पत्रिकेचा अपमान मी गिळला असता. पण काल रीलमध्ये हे दोर कसा फेकला ते दाखवत होते. खुर्चीत बसून."

तात्यारावांनी पत्रिका हातात घेतली. "मंडळाने माझं नाव छापलं. मी दुरुस्त केलं नाही."

"का?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"छान दिसत होतं."

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. तात्याराव माइकसमोर गेले. "सत्कारमूर्ती बदलली आहे. वासरू मी नाही, हिने अडवलं. मी तेव्हा एका दुकानाच्या मागे होतो. टाळ्या कृपया आहेत तेवढ्याच ठेवाव्यात."

टाळ्या वाढल्या. प्रेमलाबाई नऊवारीवर पट्टा बांधून मंचावर आल्या. बक्कल बरोबर मधल्या भोकात बसलं होतं. अनिरुद्धरावसुद्धा उभे राहिले, अर्थात सगळ्यात शेवटी.

तात्याराव ताठ मानेने पहिल्या रांगेत येऊन बसले. हातातली टोपी त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

उताणी.

"तुम्ही मानत नाही ना?" अभयने विचारलं.

"मी नाही मानत," मंचावरची नजर न काढता ते म्हणाले. "पण नशीब तिचं आहे. उगाच सांडायला नको."